न उघडलेलं पान

ग्रंथालयाच्या संगणक-खोलीत बाईंचा दरारा असा, की त्या दारात दिसल्या की प्रिंटर म्हणे अडकलेला कागद आपणहून ओकून टाकायचा. सगळ्या कमांड तोंडपाठ. कुणी काही विचारलं की ठरलेलं उत्तर, "मला काय विचारतोस? मॅन टाइप कर, पुढे कमांडचं नाव लिही. माहितीचं पान उघडतं, ते वाच!" स्वतः मात्र त्यांनी उभ्या जन्मात एक पान उघडलं नाही.

निवृत्तीनंतर अकरा वर्षांनी बाईंना बोलावणं आलं. जुनं यंत्र त्या दुपारी भंगारात निघालं होतं, आणि दोन लाख पुस्तकांची सूची अजून त्याच्याच पोटात होती. ती नव्या डिस्कवर उतरवायची कमांड बाईंनीच रचलेली, तिचं पानही त्यांनीच लिहिलेलं.

"मीच केलं असतं, बाई," टकलू ग्रंथपाल म्हणाला. एकेकाळी तो बाईंच्याच हाताखाली शिकलेला. "पण धीर होईना. चुकलो तर सूची गेलीच."

"सरक. माझं पोर मी ओळखणार नाही होय?"

बाई खुर्चीत बसल्या. खोली तीच, पंख्याची घरघर तीच. शेजारचं टेबल तेवढं रिकामं. तिथं त्यांची सहकारी चिमणी बसायची. वीस वर्षं दोघी एका डब्यात जेवल्या आणि दिवसाआड एकमेकींची खोडी काढत राहिल्या. चिमणीला जाऊन आता चार वर्षं झाली.

बाईंनी कमांड टाइप केली. आधी नवी डिस्क, मग जुनी. की आधी जुनी? एन्टरवर गेलेलं बोट तिथंच थबकलं. शेवटी ओळ खोडून त्यांनी गुपचूप मॅन टाइप केलं.

"बाई, तुम्ही चक्क पान बघताय?"

"गप रे! शुद्धलेखन तपासतेय."

पान उघडलं. भाषा बाईंचीच, छडीसारखी सरळ : 'आधी जुनी डिस्क लिहावी, मग नवी. उलट लिहिल्यास सूची पुसली जाईल. मग माझ्याकडे रडत येऊ नये.'

मघाशी बाईंनी नवीच आधी लिहिली होती. आणखी एक बोट, आणि दोन लाख पुस्तकं बेपत्ता!

त्या खाली सरकल्या. 'ज्ञात दोष' हा रकाना त्यांनी कोरा सोडला होता. त्यांच्या कमांडमध्ये दोष कसला असणार! पण तिथं कुणीतरी लिहून ठेवलं होतं :

'लिहिणारीला पाठांतराचा भारी तोरा. हे पान ती कधी उघडणार नाही. उघडलंच, तर म्हातारी झाली समजावं. — चिमणी.'

"मेली!" रिकाम्या टेबलाकडे बघून बाई ओरडल्या, आणि इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. पुसला तरी पडदा धूसरच. मग जुनी आधी, नवी नंतर, अशी ओळ लिहून त्यांनी एन्टर दाबलं. सूची उतरू लागली.

"नव्या यंत्रावर पान नेताना तो दोष काढून टाकू का, बाई?" टकलूनं भीतभीत विचारलं.

"हात तर लावून बघ! दुरुस्त कुठं झालाय तो?" बाई खुर्चीत मागे रेलल्या. "आणि सूची झाली की ते पान पुन्हा उघड. भंगारवाला येईपर्यंत मी इथंच बसणार आहे."