दुपारची बांग

सुंदराने खिडकी लावून घेतली, वरच्या खिळ्यांना गोधडी अडकवली आणि दिवा लावला. भर दुपारी खोलीत दिवेलागण झाली. खाटेवर बसलेल्या जुलेखाबी डोक्यावरची ओढणी सारखी करू लागल्या. सुंदरा त्यांच्यासमोर ताटली घेऊन बसली. ताटलीत खजूर, दुधात कुस्करलेली पोळी, शेजारी पाण्याचा पेला. भिंतीपलीकडे माग खडखडत होते. मशिदीतून दुपारच्या नमाजाची बांग ऐकू आली, तशी ती म्हणाली,

"अम्मा, दिन बुडना. रोजा सोडा."

जुलेखाबींनी दोन्ही तळहात वर धरून ओठांतल्या ओठांत काही म्हटलं आणि खजूर तोंडात घातला. दिवसभराच्या उपाशी माणसाला पहिला घास मिळाल्यावर येतं तसं समाधान त्यांच्या तोंडावर पसरलं. सुंदराने मान खाली घातली. हे समाधान रोज पाहणं तिला सोसत नव्हतं.

जुलेखाबी पारोळ्याच्या. सुंदराचं माहेरही त्याच बाजूचं, म्हणून परमुलखात, लिंबायतच्या या गल्लीत पहिल्या दिवसापासून दोघी शेजारणींची बोली जुळली. सुंदराचा नवरा हिलाल मागावर रातपाळी करायचा. त्याचं नाव ऐकून जुलेखाबी हसल्या होत्या, "हिलाल म्हणजे आमचा ईदचा चांद. तुना घरमा तर रोजच ईद!" दर रमजानला त्या सुंदराला ओट्यावर बसवून सांगायच्या, की या महिन्यात सैतानाला बेड्या पडतात, आणि रोजा काही एकट्या पोटाचा नसतो. डोळ्यांचा असतो, कानांचा असतो. "जीभनाबी रोजा ऱ्हास, पोरी. खोटं बोलनं नही."

दंगलीनंतर गल्लीतली बरीच मुसलमान घरं खाडीपलीकडे राहायला गेली. जुलेखाबींचा मुलगा इलियास तेवढा राहिला. आईची स्मरणशक्ती तेव्हाच पुसट व्हायला लागली होती. नव्या घरात तिला मोरीची वाटसुद्धा सापडणार नाही, असं तो म्हणायचा. यंदा तर त्या त्यालाही कधी कधी भाऊ समजत. नवरा वारला हे विसरल्या, सून बाळंतपणाला माहेरी गेली हेही विसरल्या. विसरल्या नाहीत तो एक रमजान.

डॉक्टरांनी बजावलं होतं, साखरेच्या आजाराची गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलं तर बाई हातची जाईल. इमामसाहेबांनी घरी येऊन समजावलं, की आजारी माणसाला रोजा माफ आहे. जुलेखाबींनी मान डोलावली. ते ओट्यावरून उतरेपर्यंत सगळं विसरून गेल्या आणि ओठ घट्ट मिटून बसल्या. इलियास पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये दिवसपाळीला जायचा. जाताना त्याने हात जोडले होते.

"वहिनी, कसंबी करा, पण दुपारी दोन घास घाला."

पहिल्या दिवशी सुंदराने त्यांचा जबडा धरून चमचा आत घातला. जुलेखाबी लहान पोरीसारख्या रडल्या. "मन्हा रोजा तोडा तू," एवढंच म्हणत राहिल्या. त्या रडण्याचं कारणही त्या थोड्या वेळाने विसरल्या, रडणं मात्र संध्याकाळपर्यंत चालू राहिलं. मग सुंदराला ही गोधडीची युक्ती सुचली. दुपारी तिच्या हातून एकदा रोजा सुटायचा, संध्याकाळी इलियासच्या हातून पुन्हा एकदा. जुलेखाबींना दोन्ही खरे वाटायचे. सुंदराने इमामसाहेबांना गाठून विचारलं तर ते म्हणाले, विसरून खाल्लं तर रोजा तुटत नाही, तो घास अल्लाहनेच भरवला असं समजायचं.

"अन् मी खोटं बोलते त्याचं?"

त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "निय्यत अल्लाह जानता है, बेटी," म्हणाले आणि नमाजाआधी हातपाय धुवायला, वजू करायला वळले.

महिना निम्मा सरला आणि एका दुपारी गोधडी खिळ्यावरून निसटली. मोडक्या झडपेच्या फटीतून उन्हाचा झोत थेट जुलेखाबींच्या मांडीवर आला. खजूर तोंडातच होता. त्यांनी उन्हात हात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग खजूर तळहातावर थुंकला.

"दिन तर वर शे."

"अम्मा, तो दिवा शे."

"तू खोटं बोलस."

आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. सुंदराने गोधडी पुन्हा लावली, थोडं थांबली, घटकाभर ओट्यावर जाऊन आली. आता विसरल्या असतील म्हणून ताटली पुढे केली. जुलेखाबींनी तोंड फिरवलं. सगळं गाळून टाकणाऱ्या त्या डोक्यात नेमकं हेच अडकून बसलं होतं. साखरेचं पाणी ओठाला लावलं, ते हनुवटीवरून ओघळलं. दुपार कलली तसा त्यांच्या कपाळावर घाम आला, बोटं थरथरू लागली. सुंदराने शेजारी आपल्या घरात जाऊन हिलालला झोपेतून उठवलं.

"तोंड उघडून घाल ना," तो म्हणाला.

"तुम्ही घाला."

तो दाराशी आला, जुलेखाबींकडे एकवार बघून त्याने चपला घातल्या आणि डॉक्टरकडे गेला. दवाखाना बंद होता. डॉक्टर रात्रीच येतात म्हणे. मग तो इलियासला निरोप द्यायला गेला. सुंदरा खाटेपाशी बसून राहिली. तिचं स्वतःचं ताट तिच्या घरी झाकलेलं होतं. माठ तिथेच कोपऱ्यात होता, पण त्या मिटलेल्या ओठांसमोर उठून पाणी प्यावं असं तिला झालं नाही.

इलियास धावत आला तेव्हा ऊन उतरलं होतं. कपड्यांना रंगाचा वास, हात कोपरापर्यंत निळे. काही वेळाने मगरिबची बांग झाली. संध्याकाळची, खरी. त्याने खजूर आईच्या ओठांशी नेला.

"अम्मी, अजान हो गई. लो."

जुलेखाबींचे ओठ मिटलेले.

"अम्मी, सच में हो गई."

"ही तीच बांग शे," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या. "खोटी."

इलियासने सुंदराकडे पाहिलं. तिने खिडकीवरच्या गोधडीकडे बोट केलं. त्याने आईला उचलून ओट्यावर आणलं, आभाळ दाखवलं. सुंदराने ताटली आणि पेला मागोमाग आणून ओट्यावर ठेवला. गल्लीतले दिवे लागलेले, कारखान्यांच्या धुराने आभाळ मळकं तांबूस. ते दिवसाचं की रात्रीचं, जुलेखाबींना उमगेना. त्या नुसत्या बघत राहिल्या आणि त्यांची मान इलियासच्या खांद्यावर कलली.

"अम्मी, मुंह खोलो," इलियास पुन्हा पुन्हा म्हणत राहिला.

सुंदराला भोवळ आली. आधारासाठी तिने हात टेकला तो पाण्याच्या पेल्याला लागला. तिने तो उचलला आणि काही विचार न करता तोंडाला लावला. घसा इतका सुकला होता की पहिला घोट ठसक्यात गेला. पाणी हनुवटीवरून गळ्यावर, पोलक्यावर सांडलं. ती थांबली नाही. पेला रिकामा झाल्यावर तिने ताटलीतला एक खजूर तोंडात टाकला.

जुलेखाबींनी मान उचलली होती. त्या तिच्याकडे टक लावून बघत होत्या.

"तुनाबी रोजा व्हता?"

सुंदराने तोंडातला घास गिळला. सकाळपासून पोटात खरंच काही नव्हतं.

"व्हता, अम्मा."

जुलेखाबींनी तोंड उघडलं. इलियासने खजूर भरवला, पाणी पाजलं, पुन्हा खजूर भरवला. त्या सावकाश चावत होत्या. हळूहळू बोटांची थरथर थांबली. मग त्यांनी हात लांबवून सुंदराच्या गालावर ठेवला. कौतुकाने त्यांचे डोळे भरले होते.

"काबरं सांगं नही पोरी, तू रोजा धरस म्हनून? आते सकाय दिनभर मन्हाजोडे बस. तू खाशी तव्हयच मी खासू."

सुंदराने होकाराची मान हलवली. इलियास तिच्याकडे बघत नव्हता. तो आईच्या ओठांवरचं पाणी पुसत होता, आणि ओठ कोरडे झाले तरी पुसत राहिला.