नऊ नंबरची कोरी जर्सी

मी एक जुनी जर्सी आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मी चिडलेली आहे. जुनी म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, विटलेली, उसवलेली असेन. छे! माझी एक शिवण सुटलेली नाही. एकाही खऱ्या सामन्यात मला कुणी अंगात घातलेलं नाही. कोरी राहूनच म्हातारी झाले मी. याचा राग येऊ नये तर काय यावं?

टोकियोतल्या एका छोट्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघासाठी मला शिवलं. निळा रंग, पाठीवर पांढरा नऊ. आमच्यात नंबर चारपासून सुरू होतात आणि चार नंबर कर्णधाराचा. त्या वर्षी कर्णधार होती मिहो. जर्सी वाटताना तिने एकेकीचं नाव पुकारलं. माझ्या वेळी म्हणाली, "नऊ. चारुता." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी अगदी हरखून गेले. माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते तेवढंच.

चारुता संघात नवी होती. तिचे वडील शैलेंद्र एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात. मुंबईहून ओसाकाला आले तेव्हा ती शाळेत होती. ती तिथेच वाढली, तिथल्याच कॉलेजच्या संघात खेळायला लागली. मग बँकेने वडिलांना टोकियोला हलवलं. मुलीला एकटीला ओसाकात ठेवायला आईने साफ नकार दिला आणि बिऱ्हाड टोकियोतल्या निशी-कसाई भागात आलं. पुढच्या मार्चमध्ये वडिलांची मुदत संपणार आणि सगळे मुंबईला परतणार, हेही ठरलेलं होतं. म्हणजे आमच्याकडे खेळायला चारुताच्या हातात एकच वर्ष होतं.

आणि स्पर्धेचा नियम काय, तर कॉलेज बदललेल्या खेळाडूने वर्षभर सामना खेळायचा नाही! जुन्या प्रशिक्षकांनी 'आमची हरकत नाही' असं कळवलं, तरच सूट. म्हणे मोठी कॉलेजं लहान कॉलेजांच्या मुली पळवतात, म्हणून हा नियम. अहो, मग पळवणाऱ्यांना धरा ना! बापाची बदली झाली, त्यात या पोरीने कुणाचं काय पळवलं? चोर सोडून संन्याशाला फाशी!

सामना नाही, पण कामं मात्र होती. चारुता रोज सरावाला यायची, हॉलची लाकडी जमीन पुसायची, पाण्याच्या बाटल्या भरायची आणि सगळ्यांच्या जर्सी घरी नेऊन धुवायची. त्यांच्याबरोबर मलाही धुवायची, मळलेली नसताना. त्यांच्या गॅलरीत वाळत असताना मी घरातलं सगळं ऐकलं.

"चारू, माणूस माणसाला भेटला की कामं होतात," बाबा म्हणाले. "मी स्वतः जातो तुझ्या जुन्या कोचकडे." त्यांनी निशी-कसाईच्या भारतीय दुकानातून काजूकतली घेतली आणि शिंकान्सेन या बुलेट ट्रेनने ओसाका गाठलं. परत आले ते खुशीत. "झालं काम! दोन्ही हातांनी घेतला बॉक्स. वर वाकून आभार मानले."

"बाबा, इथे सगळं दोन्ही हातांनीच घेतात," चारुता म्हणाली. "पण हरकत नाही म्हणाले का?"

"असं तोंडावर विचारायचं असतं का? मिठाई घेतलेला माणूस नाही कसा म्हणेल?"

आठवड्याभराने ओसाकाहून कुरिअर आलं. चारुता धावत दाराशी गेली. सुंदर वेष्टनात टॉवेलांची जोडी निघाली. परतभेट! तुम्ही दिलंत, आम्ही दिलं, फिटंफाट. संमतीचं नावही नव्हतं. बाबांनी टॉवेल उलटेपालटे करून पाहिले. मला त्या प्रशिक्षकांचा संताप आला, आणि बाबांचाही आला. एवढ्या लांब गेलात, तर सरळ एक प्रश्न विचारायला काय जीभ झडली होती?

शेवटच्या सामन्याच्या दिवशी कहर झाला. हरलो तर आम्ही खालच्या गटात जाणार होतो. खेळू शकणाऱ्या मुली सातच. एकीचा घोटा मुरगळला, दोघी पाच फाउल होऊन बाहेर गेल्या. मैदानात उरल्या चौघी. मी बाकावर मिहोच्या पिशवीत होते. चारुताला तर बाकावर बसायचीही परवानगी नव्हती, ती वर प्रेक्षकांत बाबांशेजारी बसली होती. पंचांनी विचारलं, "बदली खेळाडू?" मिहोने एकदा वर पाहिलं आणि मान हलवली. नाही.

तेव्हा बाबा ताडकन उठले. भर हॉलमध्ये, मराठीत ओरडले, "अहो, पाचवी इथे बसलीय ना! दिसत नाही का कुणाला?" कुणाला काही कळलं नाही, पण सगळा हॉल वळून बघायला लागला. चारुताने त्यांचा हात घट्ट धरला. खाली मात्र बसवलं नाही.

चौघी जीव तोडून खेळल्या आणि हरल्या. नंतर स्पर्धेचे एक अधिकारी चारुतासमोर कमरेत वाकले, म्हणाले, "फार वाईट वाटतं." वाईट वाटतं? मग वर्षभर काय केलंत हो?

मिहो रडत होती. तिने मला पिशवीतून काढून चारुतापुढे धरलं. "एकदा घाल. सगळ्या मिळून फोटो काढू."

चारुताने मला हातात घेतलं. मला वाटलं, चला, निदान आता तरी.

"फोटोत घालून काय करू, मिहो?" ती म्हणाली. "तुम्ही चौघीच उरलात ना, तेव्हा घालायची होती." तिने माझी नीट घडी केली आणि मला परत दिलं. तिचा मला राग आला नाही. तिचं बरोबरच होतं. मार्चमध्ये ती मुंबईला गेली. पुढे संघाने रंग बदलला आणि मी कॉलेजच्या कपाटात तळाला गेले.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला नका जपू, जपून जपूनच माझी ही गत झाली. तुमच्यापैकी कुणीतरी उद्या मोठं होऊन नियम करायला बसेल. तेव्हा एवढंच करा. ज्या मुलीला बाहेर बसवणार असाल, तिला समोर बोलवा आणि तिच्या डोळ्यांत बघून स्वतःच्या तोंडाने सांगा, 'तू खेळायचं नाहीस.' सांगवत नसेल, तर तो नियम खोडून टाका.