नाकाची परीक्षा

संगणकाच्या चिपच्या कारखान्यात अमोनियाला सक्त मज्जाव होता. हवेत त्याचा मागमूस जरी आला तरी अख्खी खेप कचऱ्यात जायची. म्हणून लेसरचं यंत्र चाचणीपुरतं आणलं होतं. ते खोलीतली हवा ओढून घेई, आत दोन आरशांमध्ये किरण येरझारा घाली, आणि अमोनिया असलाच तर त्यातला थोडा प्रकाश गिळून आपणहून पकडला जाई. सगळे त्या यंत्राला ‘नाक’ म्हणत. ते सांभाळणाऱ्या मुलीची नोकरी त्या नाकालाच बांधलेली होती. चाचणीत नापास झालं की दोघांची एकदमच पाठवणी.

आणि नाक तर दर पंधरवड्याला उगाचच बोंबलत होतं. कारखान्याचे मोठे साहेब म्हणजे तिचे सख्खे मामा. ती राहायचीही त्यांच्याकडेच, पण कामावर भाचीबिची काही चालायचं नाही. उलट यंत्राला नावं ठेवण्यात तेच पुढे. तिने नळ्या तपासल्या, आरसे पुसले, शेवटी कपाळाला हात लावून बसली. मग लक्षात आलं, नाक बोंबलतं ते मामांची फेरी आली की, आणि तेही सोमवारीच. पंधरा दिवसांतून एका रविवारी मामा न्हाणीघराला कडी लावून आत काय करतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणीच बोलत नव्हतं. केसांच्या कलपात अमोनिया असतो. तिला हसावं की रडावं कळेना.

मालकीणबाई निकाल द्यायला आल्या, त्या दिवशी मामा कसे अगदी नटून आले होते. डोकं काळंकुळकुळीत. पांढरे झगे, टोप्या चढवून सगळे आत शिरले आणि नाकाने टाहो फोडला.

"हे असंच करतं," मामा म्हणाले. "परत पाठवून देऊ."

मालकीणबाईंनी मान डोलावली. मुलगी पुढे झाली. आजवर कामावर तिने त्यांना ‘सर’ सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

"मामा, तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

मामांनी तिच्याकडे पाहिलं. हात आपसूक टोपीकडे गेला. मग खाकरून त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं की यंत्र खरं बोलतंय, आपण कालच केस काळे केलेत. आणि ताठ मानेने बाहेर गेले. तिला मामांचा एवढा अभिमान कधीच वाटला नव्हता.

पडद्यावरचा आकडा झरझर उतरला. निम्म्यावर आला आणि तिथेच अडला. काही केल्या हलेना.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग कोणीच कोणाकडे बघेना, मालकीणबाईंकडे तर नाहीच नाही.

"घेऊन टाका," मालकीणबाई दाराकडे सरकत म्हणाल्या. "यंत्र उत्तम आहे. आता ते जरा बंद करा."