एकोणपन्नास इंचांचं खोकं

अमोल गायधनीला मॉनिटर घ्यायचा होता. यात सांगण्यासारखं काही नाही. लोक घेतात, टेबलावर ठेवतात आणि कामाला लागतात. अमोल मात्र दसऱ्यापासून मॉनिटर घेत होता, आणि द्राक्षांचा हंगाम तोंडावर आला तरी घेतच होता.

त्याचं काम द्राक्षांच्या खोक्यांचं. म्हणजे परदेशी जाणाऱ्या द्राक्षांना जी देखणी पुठ्ठ्याची खोकी लागतात, त्यांची डिझाइनं तो नाशिक रोडच्या घरी बसून करायचा. हॉलच्या खिडकीखाली पाच फुटी सागवानी टेबल होतं. त्याच्या डाव्या अर्ध्यावर अमोलचा लॅपटॉप आणि उजव्या अर्ध्यावर अंजलीची पुस्तकं. अंजली, म्हणजे त्याची बायको, एका कॉलेजात तासाच्या हिशोबाने भूगोल शिकवायची. सेटची परीक्षा पास झाली तर कायमच्या नोकरीसाठी अर्ज करता येणार होता. गेल्या खेपेला अगदी थोडक्यात हुकली होती. तेव्हा अमोलनेच छाती पुढे काढून सांगितलं होतं, "यावेळी तू फक्त अभ्यास कर. बाकी सगळं माझ्यावर सोड."

तिने सोडलं. आणि बाकी सगळं अंगावर घेतलेला अमोल मॉनिटरच्या मागे लागला.

झालं असं की मुस्तकीमभाईंच्या नव्या खोक्याचं डिझाइन काही केल्या जमेना. मुस्तकीमभाई पिंपळगावकडचे द्राक्षांचे निर्यातदार आणि अमोलचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. घड डावीकडे घ्यावा तर नाव कोपऱ्यात जाई, नाव मधे घ्यावं तर घड गळ्यात अडकल्यासारखा दिसे. चार दिवस डोकं खाजवल्यावर अमोलला शोध लागला की दोष डोक्याचा नसून स्क्रीनचा आहे. लॅपटॉपच्या एवढ्याशा काचेत कल्पना मावतच नाहीत. आपल्याला रुंद मॉनिटर हवा, चांगला टेबलभर, आणि तोही वक्र, दोन्ही बाजूंनी आपल्याला कवेत घेणारा.

"नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं," धोंडीरामअण्णा कॉटवरून म्हणाले. "तू तर पैसे देऊन वाकडं अंगण आणायला निघालास."

अण्णा म्हणजे अमोलचे वडील. त्यांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूमला गेली. तिथे भिंतभर पॅनेल होतं आणि त्यावर अर्ध्या जिल्ह्याची लाईट चालायची. त्यामुळे एका द्राक्षाच्या खोक्याला टेबलभर पडदा का लागावा, हे त्यांना पटवणं अवघड होतं. अमोलने प्रयत्न केला. इंटरनेटवर जांभळ्या उजेडात बसून मॉनिटरची तारीफ करणारी दाढीवाली मुलं त्याने अण्णांना दाखवली. अण्णांनी एकच प्रश्न विचारला, "ही पोरं काम कधी करतात?"

अमोलने तो प्रश्न मनावर घेतला नाही. घेतला असता तर तो स्वतःलाही विचारावा लागला असता.

ज्या माणसाला दहावीत वर्तुळाच्या धड्याने काठावर आणून सोडलं होतं, तो आता त्रिज्येच्या गोष्टी करू लागला. पडद्याचा बाक हजार मिलिमीटर त्रिज्येचा चांगला की अठराशेच्या? चौतीस इंच पुरेल, की अडतीस, की सरळ एकोणपन्नास? गंगापूर रोडच्या दुकानांत जाऊन तो प्रत्येक मॉनिटरपुढे मुलगी बघायला आल्यासारखा बसायचा. जरा मागे व्हायचा, जरा पुढे, मान डावीकडे, मान उजवीकडे, आणि शेवटी "कळवतो" म्हणून उठायचा. पहिल्या फेरीला दुकानदाराने पाणी विचारलं, दुसऱ्या फेरीला खुर्ची दिली, आणि नंतर नंतर अमोलला येताना पाहिलं की सगळ्यांना एकदम गोदामात काम निघू लागलं.

मग एका रविवारी त्याला सुचलं. आपण खोक्यांचा माणूस. नमुना बनवल्याशिवाय कुठलं खोकं छापायला देतो का आपण? मग मॉनिटरच का तसा घ्यावा?

त्याने माळ्यावरून मुस्तकीमभाईंची गेल्या वर्षीची खोकी काढली. पुठ्ठ्याला आतून उभे चरे देऊन हवा तसा बाक आणला, पुढे काळा चकचकीत कागद चिकटवला, कडा पट्टीने घासून सरळ केल्या, खाली पाय बसवला. बारीकसा लाल ठिपकाही काढला, चालू-बंदचा. हे काम मात्र त्याने एका बैठकीत, न थकता, न थांबता केलं. खऱ्या खोक्याचं डिझाइन तसंच पडलं होतं ते सोडा. संध्याकाळी टेबलावर एकोणपन्नास इंची वक्र मॉनिटर उभा राहिला. नाकापेक्षा मोती जड होता, पण होता झोकदार.

"अंजली, तुझी पुस्तकं जरा सरकव ना," तो म्हणाला. "दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे. मानेला कितपत त्रास होतो ते बघायचंय."

"बरं," अंजली म्हणाली आणि पुस्तकं उचलून घेऊन गेली.

कुठे गेली, हे अमोलने विचारलं नाही. घर काही लहान नाही, बसेल कुठेतरी, असं तो धरून चालला. बायकोच्या 'बरं'चा अर्थ होकार असतो, असं इतक्या वर्षांच्या संसारानंतरही मानणारी माणसं अजून आहेत, आणि त्यांना मतदानाचाही हक्क आहे.

दोन-चार दिवसांचे आठवडे झाले. अमोल रोज त्या पुठ्ठ्यापुढे लॅपटॉप ठेवून बसायचा आणि आता खरा आला की काय काय करता येईल, याचा विचार करायचा. पडद्याचा उजवा पंख असा काही पुढे यायचा की स्वयंपाकघराचं दार त्याआड पूर्ण झाकलं जायचं, आणि चहा-जेवण टेबलावरच मिळत असल्याने आत जायची वेळही येत नसे. हेही अमोलला आवडलं. चित्त एकाग्र होतं, असं त्याने अण्णांना सांगितलं. अण्णांनी कूस बदलली.

एका सकाळी मुस्तकीमभाई न सांगता दारात उभे राहिले. त्यांना डिझाइन हवं होतं. पण आत पाऊल टाकताच त्यांची नजर टेबलावर गेली आणि चेहराच खुलला.

"अरे वा, अमोलभाऊ! एवढा मोठा! कधी आणला?"

"हा पुठ्ठा आहे" एवढं तीन शब्दांचं वाक्य. अमोलने ते तोंडापर्यंत आणलं आणि गिळलं. मुस्तकीमभाई इतक्या कौतुकाने बघत होते आणि गेल्या कित्येक दिवसांत अमोलकडे कौतुकाने कोणी बघितलंच नव्हतं. "झाले थोडे दिवस," तो म्हणाला. तेही खोटं नव्हतं.

"मग चालू करा ना. आपलं खोकं बघू द्या याच्यावर. एकदम झकास दिसत असेल."

आणि अशा वेळी नाशिकच काय, अख्ख्या महाराष्ट्रातला माणूस जे बोलतो तेच तो बोलला. "लाईट गेलीय हो सकाळपासून."

इतरांच्या घरी हे खपलं असतं. पण लाईट हा धोंडीरामअण्णांच्या अब्रूचा विषय होता. ते कॉटवर ताडकन उठून बसले.

"गेली? कुठं गेली? हा डोक्यावर पंखा फिरतोय तो काय गोदावरीच्या पाण्यावर?"

मुस्तकीमभाईंनी वर पाहिलं. पंखा फिरत होता. त्यांनी अमोलकडे पाहिलं, मग पुढे होऊन मॉनिटरच्या कडेला हात लावला. मॉनिटर हलका होता. इतका हलका, की तो त्यांच्या हातातच आला. त्यांनी तो उलटा केला. मागच्या बाजूला हिरव्यागार द्राक्षांचा घड होता आणि त्याखाली ठसठशीत अक्षरांत त्यांच्याच फर्मचं नाव.

"हे तर आमचंच खोकं!" असं म्हणून मुस्तकीमभाई हसले ते हसतच सुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. अण्णाही हसले. नाइलाजाने अमोलही हसला, कारण तिघांपैकी दोघं हसत असताना तिसऱ्याने रडणं बरं दिसत नाही.

"भाऊ, पुठ्ठ्यातून एवढा खरा टीव्ही करता तुम्ही," डोळे पुसत मुस्तकीमभाई म्हणाले, "मग माझं खोकं का होत नाही तुमच्याच्यानं? हंगाम थांबायचा नाय माझ्यासाठी."

"चहा सांगतो," अमोल म्हणाला. चहा सांगायची काही गरज नव्हती, पण तिथून निसटायची होती. तो स्वयंपाकघरात शिरला.

अंजली ओट्यापाशी उभी होती. एका बाजूला कुकर, दुसऱ्या बाजूला मिक्सर आणि मधल्या हातभर जागेत तिचं पुस्तक उघडं होतं. वाफेने पानं फुगली होती. फोडणीचे शिंतोडे उडू नयेत म्हणून वहीवर ताटली उपडी घातली होती. भिंतीच्या टाइल्सवर चिठ्ठ्या डकवल्या होत्या. मिठाच्या बरणीवर समुद्रप्रवाह आणि चहाच्या डब्यावर खडकांचे प्रकार.

अमोल दारातच थिजला. "तू इथे अभ्यास करतेस?"

"मग कुठे करू? बेडरूममध्ये बसलं की झोप येते. हॉलमध्ये टेबल गेलं, अण्णांच्या बातम्या तेवढ्या उरल्या."

"मला सांगायचं नाही का?"

अंजलीने पेनाचं टोपण लावलं. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "तुम्ही सगळं मोजत होतात. टेबल मोजलं, मान मोजली, डोळ्यांपासूनचं अंतर मोजलं. मला वाटलं, मोजता मोजता माझ्यापर्यंत याल."

अमोलला इतकी लाज वाटली की मघाची बाहेरची फजिती त्यापुढे काहीच नव्हती. तो उलट्या पावली हॉलमध्ये गेला, मुस्तकीमभाईंच्या हातातून ते खोकं घेतलं आणि चऱ्याचऱ्यावर दुमडून चपटं केलं. मग परत येऊन तिची पुस्तकं गोळा करायला लागला. "चल. टेबल सगळं तुझं. पूर्ण."

"ठेवा ते," अंजली म्हणाली. "येत्या रविवारी पेपर आहे. आता जागा बदलली तर सगळं विसरेन मी. मला ज्वालामुखी कुकरकडे बघितल्यावर आठवतात."

म्हणजे चूक दुरुस्त करायचीही वेळ निघून गेली होती. अमोलने कुकरकडे पाहिलं. कुकरने त्याच्या तोंडावरच शिट्टी मारली आणि वाफ सरळ पुस्तकावर गेली.

"मग निदान गॅस तरी हलवू," तो म्हणाला.

मुस्तकीमभाईंनी सिलिंडर उचलायला हात दिला. अण्णांनी रेग्युलेटर स्वतः बसवला, नळी वाकवून पाहिली, खिडकी उघडायला लावली आणि निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच कोणीतरी आपल्याला कामाचं समजलं, अशा तोऱ्यात कॉटवर जाऊन बसले. कुकर रिकामा करून आणि पुसून अंजलीसमोर जिथल्या तिथे ठेवला. त्या सागवानी टेबलावर, जिथे एकोणपन्नास इंचांची प्रगती उभी राहायची होती, तिथे दोन बर्नरची शेगडी आली. मुस्तकीमभाई अमोलने केलेला चहा प्यायले. चहाबद्दल ते काही बोलले नाहीत, एवढे ते सज्जन होते. "खोकं परवा द्या," म्हणाले आणि गेले.

अमोलने पातेल्यात खिचडी टाकली आणि बाजूला लॅपटॉप उघडून डिझाइनला बसला. आता उजवीकडे काही आड नव्हतं. स्वयंपाकघराचं दार समोर होतं आणि दारातून अंजलीची पाठ दिसत होती. ती वाचता वाचता एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होती, मग दुसऱ्यावरचा पहिल्यावर. अमोलने थोडा वेळ पाहिलं. मग उठून गॅलरीतलं स्टूल आणलं आणि तिच्याजवळ ठेवलं. ती बसली नाही.

सवयीप्रमाणे अमोल स्वतःच त्यावर बसून बघायला लागला. ओटा थेट त्याच्या हनुवटीशी आला. पुस्तक वाचायचं तर मान उंच करावी लागत होती आणि लिहायचं तर खांदा कानाला लागत होता.

"मी बसून बघितलं होतं," पानावरून नजर न काढता अंजली म्हणाली. "पहिल्याच दिवशी."

अमोलने मान खाली घातली, आणि खाली त्याला तिचे पाय दिसले. घोट्यांपाशी सुजले होते. चपलेच्या पट्ट्याचे वळ उठले होते. एकाच घरात राहून हे पाय त्याने शेवटचे कधी पाहिले होते, हे त्याला आठवेना.

"अंजली, मी..."

"आता बोलू नका. वाऱ्यांचे पट्टे चाललेत."

तो उठला. शिजत आलेली खिचडी उतरवून त्याने शेगडीवर पाणी चढवलं. ते परातीत ओतलं, मूठभर मीठ टाकलं आणि सांडत सांडत परात ओट्याखाली आणून ठेवली. अंजलीने पुस्तकातून डोळे काढले नाहीत. फक्त एक पाय उचलून परातीत ठेवला, मग दुसरा, आणि पान उलटलं.

"जरा जास्तच गरम आहे," ती म्हणाली, पण पाय काही बाहेर काढले नाहीत.