भिंतीवरची काच

कुणाला गोड बोलून गुंडाळायचं असलं की आमच्या ह्यांना माझी आठवण होते. "सिनेगॉग बघून ये," हे म्हणाले. "तिथल्या मावशीशी गप्पा मार. जागा सोडायचं काही मनावर घेतलंय का, तेवढं काढून आण." ह्यांचा बांधकामाचा धंदा. सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराला, लागून मागे इमारतीच्या पायाचा खड्डा खणणं चाललंय, आणि सिनेगॉगची जागाही ह्यांना हवी आहे. ती मंडळी विकत नाहीत. "नाही तर राहू दे. सुंठीवाचून खोकला जाईल," असंही म्हणाले, आणि मी हसले. काय कळून हसले कोण जाणे.

देखरेख करणाऱ्या मावशींनी दार उघडलं, हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि मी कोण, कुठली, काही न विचारता सगळं दाखवायला लागल्या. मधोमध कठडा घातलेला लाकडी ओटा, तिथे उभं राहून धर्मग्रंथ वाचायचा. वर बायकांचा सज्जा. समोरच्या भिंतीत मखमली पडदा, त्यामागे कपाट, कपाटात चामड्यावर हाताने लिहिलेल्या ग्रंथाच्या गुंडाळ्या. कपाटासमोर टांगलेला दिवा कधी विझू द्यायचा नाही म्हणे.

"आधी सासूबाई तेल घालायच्या, आता मी," मावशी म्हणाल्या. "बाई महाखाष्ट. पण दिवा विझू दिला नाही."

मागे मशीनचा दणका बसला. दिव्यातलं तेल थरथरलं. मावशी बोलतच राहिल्या, त्यांना सवय झाली होती. मला ती सवय बघवेना.

पडद्याच्या बाजूने तडा वर गेला होता, माझा हात आत जाईल एवढा. त्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवलेली. बिल्डरची बायको मी, ती कशासाठी लावतात ते मला माहीत आहे. भिंत सरकली की काच तुटते. ही मधोमध तुटली होती.

"दुसरी आहे ही," मावशी म्हणाल्या. "पहिली तुटली तेव्हा मागे बांधकाम करणाऱ्या साहेबांना सांगितलं. त्यांनीच ही लावून दिली. काळजी करू नका म्हणाले. भला माणूस."

मी मावशींना हाताला धरून भिंतीपासून मागे घेतलं. "मावशी, इथे कुणाला बसवू नका. त्या टोकाला बसा."

"आणि तोंड कुठे करणार? जेरुसलेम ह्या दिशेला, म्हणून तर कपाट ह्याच भिंतीत. आज माझ्या नवऱ्याला जाऊन वर्ष झालं. त्यांच्या नावाची प्रार्थना दहा पुरुष असल्याशिवाय म्हणता येत नाही. गावात आता दहाच उरलेत, बाई. एक तर काठी टेकत येतो."

तो काठीवाला आलाच. मागोमाग बाकीचे, त्यांत मावशींचा मुलगाही. सगळे पुढच्या बाकांवर बसले, भिंतीच्या अगदी जवळ. मी मावशींच्या मुलाला तडा दाखवला, हात जोडले. "एवढी प्रार्थना होऊ द्या, मग निघतो," तो म्हणाला. मला रडू फुटलं. "मागचे साहेब म्हणजे माझे यजमान," मी सांगून टाकलं.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. चिडल्या नाहीत. "मग बरं झालं," म्हणाल्या. "तुमचं ऐकतील."

मी पहिल्या बाकावर बसले आणि फोन लावला.

"अहो, मशीन बंद करायला सांगा. काच तुटलीय."

"माहीत आहे," हे म्हणाले. "तू बाहेर ये."

"मी भिंतीखाली बसलेय. इथे माणसं आहेत. मशीन थांबेपर्यंत उठणार नाही."

माझी खात्री होती, हे आता मुकादमाला हाक मारतील. माझ्यावर डाफरतील, घरी आल्यावर चार दिवस अबोला धरतील, पण मशीन आधी थांबेल. एवढा संसार केलाय आम्ही.

काठीवाल्या आजोबांनी सरकून मला जागा दिली. मुलगा उभा राहिला आणि प्रार्थना म्हणू लागला. फोन चालू होता, ह्यांचा श्वास ऐकू येत होता. फोनमधून आणि भिंतीतून एकच दणका येत होता, पुन्हा पुन्हा.

आमचे हे विचार करत होते.