केरबाची उडी

वडिवळ्यात कुणाचं काही फसलं की लोक म्हणतात, "मारली केरबाची उडी!" खाचरात भात लावताना बाईचा पाय घसरला, केरबाची उडी. एसटीवाल्यानं चढावर भलताच गिअर टाकला, केरबाची उडी. पोरगं गणितात गटांगळ्या खाऊन घरी आलं तरी बाप कपाळावर हात मारून तेच म्हणणार. आणि गंमत बघा, म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांना हा केरबा कोण तेच ठाऊक नाही. तो चांगला जिवंत आहे, लोणावळ्यात तुंगार्लीला एका शेठच्या बंगल्याची राखण करतो.

हे बोलणं गावाच्या तोंडी दिलं हनुमंतनानांनी, आणि त्याचा नानांना कोण अभिमान! कुसगावात हायवेच्या कडेला त्यांचं मिसळीचं हॉटेल आहे. शनिवार-रविवारी मुंबईची गिऱ्हाईकं बसली की नाना गल्ल्यावरून उठून हा किस्सा सांगणारच. सांगताना हातवारे, तोंडानं संबळाचे ठोके, सगळं साग्रसंगीत.

किस्सा असा. नाना मूळचे वडिवळ्याचे, घरची भातशेती. पण तरुणपणी क्लॅरिनेटचं खूळ डोक्यात शिरलं. खंडाळ्याच्या एका हॉटेलात पियानो वाजवणारे डिसोझा मास्तर होते, त्यांच्याकडून नाना साहेबी नाचाच्या झुलत्या चाली शिकले आणि गावात येऊन गोरखअण्णांच्या कानाला लागले. अण्णा मोठा वल्ली माणूस. रॉकेलच्या रिकाम्या पिंपाला तार बांधून त्यांनी खर्जाचं वाद्य केलं. लग्नाच्या बँडमधला एक ट्रंपेटवाला फोडून आणला. आणि तालाला, संबळावर, घेतला केरबा. केरबा गोंधळ्याच्या घरचा. वडिवळ्यात लग्न झालं की देवीचा गोंधळ घालायचा मान त्याच्या घराण्याचा, तो काही आजचा नव्हे.

पार्टीचं नाव ठेवलं 'भैरवनाथ झोका पार्टी'. अर्धं भारूड, अर्धा साहेबी नाच! लोक आधी पोट धरून हसले आणि मग नाचले. लोणावळ्यात एका बंगल्याच्या दिवाणखान्यात बसून पार्टीनं दोन कॅसेटी काढल्या, एकवीरेच्या जत्रेत विकल्या. त्यात 'ढकल इंजना, ढकल' असं एक गाणं होतं, घाट चढणाऱ्या गाडीचं. गाणं ऐन रंगात आलेलं असताना संबळ मधेच धडपडतो, दोन ठोके गिळतो आणि भसकन पुढे उडी मारतो. कॅसेट गावात पहिल्यांदा वाजली तेव्हा नानांनीच मांडीवर थाप मारली, "ऐका, ऐका! केरबाची उडी!"

झालं. सगळं गाव हसलं आणि हसतच राहिलं. पुढे पार्टी मोडली, पण हसू काही मोडलं नाही. गोंधळाच्या सुपाऱ्या हळूहळू शेजारच्या टाकव्याच्या गोंधळ्याला जायला लागल्या. देवीच्या दारात ताल चुकला तर काय घ्या, असं लोक म्हणायचे. खुद्द नानांच्या थोरल्याच्या, राजेंद्रच्या लग्नातही टाकव्याचाच गोंधळी आला. केरबा आपला पंगतीत जेवला, नवरानवरीच्या डोक्यावर अक्षता टाकून गेला. त्यानंतर कधीतरी त्यानं गाव सोडलं. नानांच्या हे सगळं कधी ध्यानातही आलं नव्हतं.

आता मात्र भलतंच घडलं. पुण्याच्या सारिका नावाच्या बाई जुन्या कॅसेटी हुडकत फिरायच्या. गोरखअण्णा तर केव्हाच गेले, पण त्यांच्या बायकोनं, नंदाबाईंनी, पेटीत मूळ ध्वनिमुद्रणाची रिळं जपून ठेवलेली. सारिकाबाईंनी ती नेली, घासूनपुसून साफ केली आणि झोका पार्टीची सीडी काढली! रविवारी वडिवळ्याच्या शाळेत प्रकाशनाचा कार्यक्रम ठरला, आणि प्रमुख पाहुणे कोण, तर नाना. केरबाला घेऊन यायची कामगिरीही त्यांच्याकडेच.

सीडी आदल्या संध्याकाळी कुरिअरनं हातात पडली. घरात ती वाजवायला काही नव्हतं. पण धाकट्याची, सत्यमची, टुरिस्टची जुनी गाडी होती, तिला सीडीची फट होती. नाना म्हणाले, "बरं झालं. केरबाला शेजारी बसवून त्याची उडी ऐकवतो. मजा येईल."

तुंगार्लीच्या बंगल्यापाशी केरबा इस्त्रीचा सदरा घालून फाटकात उभाच होता. मागच्या सीटवर अंग चोरून बसला. गाडी कार्ल्याच्या फाट्याला गर्दीत अडकली तशी नानांनी सीडी लावायला सांगितली.

आणि काय आवाज निघाला! जणू मंडळी टपावर बसून वाजवताहेत. नानांचं क्लॅरिनेट, अण्णांचं पिंप, सगळं वेगवेगळं ऐकू यायला लागलं. केरबाची बोटं नानांच्या सीटच्या पाठीवर आपोआप पडत होती, नानांना ती पाठीत लागत होती.

"बोटं चालत्यात की अजून!" नाना म्हणाले. "आता तुझी उडी येईल बग."

'ढकल इंजना' सुरू झालं, पण निम्म्यातच विस्कटलं. गाणं थांबलं आणि माणसांचे आवाज आले. रिळावरचं बोलणं होतं ते, कॅसेटीत कधीच नव्हतं. एक तरणा आवाज म्हणाला, "पत्ती भिजली माझी. बदलून येतो." क्लॅरिनेटच्या तोंडाशी बसवतात ती पत्ती. आवाज नानांचा होता. दार वाजलं.

मग गोरखअण्णा बोलले. मेलेल्या माणसाचा आवाज असा अचानक कानाशी आला, नाना दचकलेच.

"केरबा, तू न्हाई चुकत. हणम्या चुकतोय. रंगात आला की पळत सुटतोय."

"मग सांगा की त्यांना, अण्णा."

"कसं सांगू? भाईर त्याचा व्हणारा सासरा बसलाय ऐकाय. तोंड पडंल पोराचं. आन् टेप संपत आली, आता एकच खेप व्हईल, पुन्ना पुन्ना न्हाई घ्यायला जमायचं. तू आसं कर. तो पळाला की दोन ठोके सोड आन् गाठ त्याला. लोकांना वाटंल तूच चुकलास."

सीडीतला केरबा म्हणाला, "वाटू द्या. गानं मोडाय नको."

दार पुन्हा वाजलं, गाणं सुरू झालं. आणि या खेपेला नानांना ते ऐकावंच लागलं. क्लॅरिनेट मस्तीत येऊन पुढे सुटलं, स्वच्छ, उघडंनागडं सुटलं. पिंप मागे राहिलं, ट्रंपेट गोंधळलं, आणि केरबाच्या संबळानं एक झेप घेऊन पळणाऱ्याला गाठलं, सगळ्यांना ओढून जागेवर आणलं. उडी कसली ती! सावरलं होतं त्यानं.

नानांचे कान तापले. पाठीतली बोटं कधीच थांबली होती. सत्यम समोरच्या टेम्पोकडे एकटक बघत होता, बापाकडे बघायची त्याची हिंमत होईना. लाज वाटणं म्हणजे काय, हे नानांना या वयात, कार्ल्याच्या फाट्यावर, भर उन्हात कळत होतं. गाडीतून उतरून चालू लागावं असं वाटलं, पण जाणार कुठं?

"ह्ये ठेवलंय व्हय त्यांनी अजून?" मागून केरबाच ओशाळून म्हणाला. चोरी त्याचीच पकडली गेल्यासारखा.

"इतकी वर्सं बोलला का न्हाईस रं?" नानांनी मागं न वळताच विचारलं.

"अण्णांचा शब्द हुता. आन् नाना, तुमी त्ये इतकं रंगवून सांगायचा... मधी बोलून काय करनार?"

सत्यमनं सीडी काढली आणि गाडी वडिवळ्याकडे घेतली.

शाळेच्या पटांगणात मांडव, स्पीकर, खुर्च्या. सारिकाबाई लगबगीनं पुढे आल्या आणि नानांना बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "नाना, ते मधलं बोलणं आम्ही मुद्दाम ठेवलंय. तुम्हाला आवडलं नसेल तर आज ते वगळून नुसतं गाणं लावते. तुम्ही सांगाल तसं."

आता खरं काय घडलं ते सांगायला हवं. नाना पटकन म्हणाले, "वगळा." तोंडातून गेलंच. सासऱ्यांचं घराणं समोर बसलेलं, सरपंच बसलेले, हॉटेलची ओळखीची माणसं बसलेली. सीडी घेऊन ऐकणार कोण आहे, घरात वाजवायला आहे कुणाकडं? झाकून जाईल. असं मनाशी म्हणाले आणि व्यासपीठावर जाऊन हार घालून घेतला. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी हार घालून घेतला.

नाना माइकपाशी उभे राहिले तर मांडवातून कुणीतरी ओरडलं, "नाना, केरबाची उडी होऊन जाऊ द्या!" सगळा मांडव खदखदला. आणि पुढच्या रांगेत केरबासुद्धा हसत होता. नेहमीचं, सवयीचं, मान जरा वाकडी करून. लोकांच्या हसण्यात बाधा नको म्हणून हसतात तसं. ते हसू नानांनी आजवर शेकडो वेळा पाहिलं असेल, पण त्यात काय आहे ते आज पहिल्यांदा दिसलं.

"सारिकाताई," ते म्हणाले, "लावा. बोलन्यासकट लावा."

स्पीकरवर गोरखअण्णा बोलायला लागले तसा मांडव चिडीचूप झाला. नंदाबाईंनी पदराचा बोळा तोंडावर धरला. 'हणम्या चुकतोय' हे सगळ्या गावानं ऐकलं, सासरच्यांनी ऐकलं. नाना खाली मान घालून उभे होते. उडी आली तेव्हा कुणीही हसलं नाही.

गाणं संपल्यावर नानांनी माइक धरला. "ऐकलंत न्हवं? चूक माजी हुती. आन् नाव त्याचं मी खराब केलं. मीच केलं." पण लोक इतक्या गप्पपणे बघत होते की काहीतरी द्यायलाच हवं असं त्यांना वाटलं. "माघात आमच्या सत्यमचं लगीन हाय. माज्या घरचा गोंधळ केरबा घालनार. त्याचा मान त्याला!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. सरपंच उभे राहिले, त्यांच्या मागोमाग सगळे. म्हाताऱ्या अंबूबाईंनी लांबूनच बोटं मोडून नानांची दृष्ट काढली. नानांना कार्ल्यापासून पहिल्यांदा नीट श्वास घेता आला. चला, फेडलं, असं वाटलं.

केरबा व्यासपीठावर आला. सगळ्यांना वाटलं पाया पडतोय. तो वाकला, नानांच्या कानाशी तोंड नेलं आणि माइकमध्ये जाऊ नये म्हणून माइकवर हात ठेवला.

"नाना, घातला आसता. पन माज्याकडं संबळ न्हाई."

"न्हाई? कुटं गेला?"

"राजूच्या लग्नात टाकव्याच्या गोंधळ्याचा संबळ ऐन टायमाला फुटला. तुमच्या घरचा गोंधळ मोडाय नको, म्हनून घरी पळत जाऊन माजा आनून दिला त्याला. तुमाला कळू दिलं न्हाई, सोयरं बसल्यालं. पुन्ना मागाय गेलो न्हाई. मला तरी आता कुटं लागनार हुता?"

एवढं बोलून त्यानं माइकवरचा हात काढला आणि पुन्हा तेच हसू हसून खाली उतरला.

टाळ्या चालूच होत्या. नानांच्या मोठ्या मनाला गाव टाळ्या वाजवत होतं. त्या थांबवाव्यात म्हणून नानांनी दोन्ही हात वर केले. लोकांना वाटलं नाना नमस्कार करताहेत, आणि टाळ्या आणखीच वाढल्या.