अष्टमीचा शुक्रवार

वजीर सारंगांनी भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून उतरवलं, मांडीवर घेतलं आणि एका शुक्रवारच्या चौकोनावर बोट ठेवलं. इशरत कॅफेत न्यायचा डबा भरत होती. बापाचं बोट असं एका जागी थांबलं की पुढे काहीतरी निघणार, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

"अष्टमी हाय गो," ते म्हणाले. "भांगाचं पाणी, भरती नावालाच. ह्या दिवशी जहाज आत घेतात होय?"

हे जहाज राजिवड्याच्या धक्क्यावरचं नव्हतं. ते संगणकातलं होतं, आणि सत्तरीला टेकलेला माणूस त्याची एवढी काळजी करतो यावर मोहल्ल्यात हसून झालेलं होतं.

'मेरिव्हेल' नावाचा तो खेळ उन्मेषच्या सायबर कॅफेतल्या सात संगणकांवर चालायचा. इशरत तिथे काउंटर सांभाळायची. जगभरची हजारो माणसं एकाच वेळी त्यात शिरत. कोणी जादूगार होई, कोणी तलवार घेऊन पंखवाल्या राक्षसांच्या मागे लागे. त्या जगात डोंगर होते, बर्फ होतं, आणि एक अफाट समुद्र होता. समुद्रावर एकच मोठं बंदर होतं आणि त्याच्या तोंडाशी वाळूचा पट्टा. त्या पट्ट्यावर जहाजं फुटत. फुटलेल्या जहाजातली माणसं मरत नसत, पण थेट उत्तरेच्या बर्फाळ किनाऱ्याला फेकली जात, आणि तिथून बंदरापर्यंत यायला खेळणाऱ्याचे चार-सहा महिने सहज जात.

जहाजं केव्हा फुटतात आणि केव्हा सुखरूप आत येतात, हे कोणालाच कळत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी इशरत डबा घरी विसरली म्हणून वजीर सारंग तो घेऊन कॅफेत आले. उन्मेषचं जहाज नेमकं तेव्हाच वाळूत रुतत होतं. डबा हातात तसाच धरून ते पडद्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, पाणी उतरतंय, एवढं दिसत नाय काय तुला? मग महिनाभर ते रोज येत राहिले, पाठकोऱ्या कागदांवर काहीबाही मांडत राहिले. एका संध्याकाळी त्यांनी इशरतला खिडकीशी बोलावलं. बाहेर नारळांच्या वर अर्धा चंद्र होता. पडद्यावरच्या समुद्रावरही अर्धाच होता.

खेळ बनवणाऱ्या कोणा अवलियानं त्या जगाला आपलाच चंद्र दिला होता. आणि चंद्र आपला, तर भरती-ओहोटीही आपलीच. कोकणातला कुठलाही दर्यावर्दी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो. पंचमी असेल तर पावणेचार. तिथी कॅलेंडरात बघा नाहीतर चांदाची तारीख मोजा, पाण्याला दोन्ही सारख्याच. वजीर सारंगांनी तोच हिशेब तिथे लावला, आणि तो बसला. फक्त तिथलं पाणी रत्नागिरीच्या पाण्याच्या दोन तास आधी भरत होतं. इशरतच्या अंगावर काटा आला. कुठल्या तरी परमुलखातल्या माणसांनी रचलेला समुद्र आणि घरामागची भाट्याची खाडी एकाच दोरीनं ओढली जात होती.

तेव्हापासून त्या बंदराच्या तोंडाशी एका होडक्यात कंदील घेतलेला म्हातारा उभा असायचा. तो लढत नसे, खजिना शोधत नसे. जहाजांना थांबवायचा आणि वेळ झाली की आत घ्यायचा. ब्राझीलची आणि कोरियाची पोरं त्याला सलाम करून पुढे जात. म्हातारा चालवायचं काम वजीर सारंगांचं, इंग्रजी टंकायचं इशरतचं.

आता कंपनीनं जाहीर केलं होतं की खेळ कन्सोलवर येणार, म्हणजे टीव्हीला जोडायच्या डब्यावर, घरोघरी. समुद्र तोच राहणार, पण लाखो नवी माणसं त्यात उतरणार, आणि पहिल्या दिवशी ती सगळी जहाजांनी त्याच बंदरात येणार. त्याची चित्रफीत इशरतनं आणि तिच्या बापानं वीसेक वेळा तरी पाहिली असेल. क्षितिजापासून शिडंच शिडं. वजीर सारंगांनी चाळीस वर्षं दर्यावर काढली होती, तरी ती पाहताना त्यांचं तोंड उघडंच राहायचं.

त्या लाखांत एक जहाज उमेरचं असणार होतं. इशरतचा भाऊ शारजाला सहा वर्षं क्रेन चालवत होता आणि तीन वर्षांत घरी आला नव्हता. तिथल्या कॅम्पात त्याच्याजवळ संगणक नव्हता, पण खोलीतल्या टीव्हीसाठी सगळ्यांनी मिळून कन्सोल घ्यायचं ठरवलं होतं. शुक्रवार त्याच्या सुट्टीचा. बाप-लेक पहिल्यांदाच एका पाण्यावर भेटणार होते, कारण खऱ्या पाण्यावर वजीर सारंगांनी त्याला कधी पाऊल ठेवू दिलं नव्हतं.

त्यालाही कारण होतं. शेवटच्या बोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, असताना त्यांनी कप्तानाला सांगितलं होतं की आज अष्टमी, खाडीत शिरू नका, चार दिवस थांबा. तुझं कॅलेंडर घरी ठेव, असं कप्तान म्हणाला. बोट अकरा दिवस वाळूत बसली आणि कागदोपत्री दोष सारंगाच्या माथी आला. घरी परतल्यावर त्यांनी उमेरला जवळ बसवून सांगितलं, जमिनीवरची नोकरी बघ. भरतीचा हिशेब त्याला शिकवायचा प्रश्नच उरला नाही.

"कंपनीला लिव," वजीर सारंग आता म्हणाले. "तारीख आठवडाभर पुढे घ्या म्हणावं."

इशरतनं लिहिलं. कंपनीच्या फोरमवर, जिथे सगळ्यांना दिसतं तिथे, नीट समजावून लिहिलं. कंपनीकडून उत्तर आलं नाही. नव्यानं नाव नोंदवलेल्या कोणीतरी मात्र लिहिलं की आजोबांना सांगा, कॅलेंडरवर सॉफ्टवेअर चालत नाही. त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. इशरतनं ते बापाला वाचून दाखवायला नको होतं. पण त्यांनी विचारलं, आणि तिला खोटं बोलता येत नसे.

दुसऱ्या दिवसापासून ते कॅफेत आले नाहीत. मागच्या पडवीत खाडीकडे तोंड करून बसू लागले. उमेरला निदान आपण तरी सांगूया, असं इशरतनं सुचवलं, तर त्यांनी मान हलवली. सगळ्यांच्या आधी जायची पोराची हौस आहे, आपण मोडायची नाही. आणि आपलं ऐकतो कोण?

पाचव्या दिवशी दुपारी उन्मेषनं तिला हाक मारली. कंपनीचं दोन ओळींचं निवेदन होतं. खेळ आता त्या शुक्रवारी नाही, पुढच्या शुक्रवारी सुरू होईल. कारण दिलेलं नव्हतं. इशरतनं बोटांवर मोजलं. आठ आणि सात पंधरा, म्हणजे पौर्णिमा, उधाणाचं पाणी. लाखो जहाजं सात दिवस थांबून निघणार होती. ती काउंटर उन्मेषवर टाकून तशीच घरी पळाली.

वजीर सारंगांनी सगळं ऐकून घेतलं.

"आमच्यामुळे?"

"ते लिवलेलं नाय, अब्बा."

त्यांनी उमेरला फोन लावायला सांगितला. वेळ नीट सांग, म्हणाले, मिनिटभर इकडेतिकडे नको. इशरतनं स्पीकर चालू केला. शारजातल्या खोलीतला पंखा घरघरताना ऐकू आला.

"भाई, तारीख पुढे गेली. आता तू पुढल्या शुक्रवारी..."

"वाचलं मी," उमेर म्हणाला. "मला काय फरक नाय पडत. मी पहिल्या शुक्रवारी निघणारच नव्हतो. अष्टमीला कोण जातो?"

इशरत बापाकडे पाहू लागली.

"पौर्णिमेला येतो. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दोन तास वजा, ते तूच फोरमवर लिवलंवतंस. तुमचे सव्वानऊ, माझे पावणेआठ. बरोबर काय, अब्बांना विचार."

वजीर सारंगांनी फोन उचलला आणि कानाला लावला. स्पीकर चालूच होता. तिकडून उमेर अब्बा, अब्बा करत राहिला.

"बरोबर हाय," अखेर ते म्हणाले. "ये."